हरू दे, असं म्हणायचं नाही

प्रिय मुली,

आपल्याच फुटबॉल संघावर तिसरा गोल झाला आणि तुला बरं वाटलं. हे तू आडपडदा न ठेवता लिहिलंस म्हणून उत्तर लिहायला बसलो. नाहीतर ‘आमचा क्लब फार वाईट खेळतोय हो’ छापाच्या मेलांना मी हल्ली उत्तर देत नाही. सलग पाच पराभव. दर पत्रकार परिषदेत ‘पोरांनी जीव तोडून मेहनत घेतली’ एवढंच म्हणणारा मॅनेजर. सामन्याच्या आधीच तुमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेलं ‘आज हरू दे रे, म्हणजे एकदाचा जाईल’, त्याखाली अंगठ्यांची रांग, त्यात एक तुझा. मग गोल बसला, तुझ्या तोंडून ‘बरं झालं’ निघालं, आणि शेवटची शिट्टी झाल्यावर तुला रडू फुटलं. आता विचारते आहेस की काका, मला नक्की हवंय तरी काय?

धीरबिर देणार नाही. फॉर्म येतो-जातो, वाईट दिवस सरतात वगैरे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. नसतं तर पाचवा पराभव बघायला तू बसलीच नसतीस. तुझ्या क्लबचं नाव इथे लिहीत नाही आणि माझ्याही क्लबचं नाही, कारण माझं नाव कळलं की पुढचं सगळं तू त्या जर्सीच्या रंगातून वाचशील.

माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. ती मी इतक्यांदा सांगितली आहे की मी सुरू झालो की घरचे उठून आत जातात. सामना चालू असताना आपला संघ हरावा असं म्हणायचं नाही. मॅनेजर जावा म्हणून नाही, शेजारच्या क्लबला विजेतेपद मिळू नये म्हणून नाही, पुढच्या मोठ्या सामन्यासाठी पाय ताजे राहावेत म्हणूनही नाही. कशाहीसाठी नाही.

तू म्हणशील, मनात येतं त्याला काय करू? येऊ दे की. मनात काय वाट्टेल ते येतं. ऐंशीव्या मिनिटाला एका गोलाने मागे असताना रेफरीबद्दल माझ्या मनात जे येतं ते कागदावर उतरवण्यासारखं नसतं. पण तू अंगठा दिलास. तो मनात आला नव्हता, बोटाने दाबला होतास.

आता पुढचं नीट वाच, कारण लोक माझ्याशी नेहमी इथेच उगाच भांडतात. मॅनेजर जावा असं वाटायला माझी काडीची हरकत नाही. तो दर सामन्यात साठाव्या मिनिटाला तोच बदल करतो, बचावाची रेषा पार मध्यरेषेपर्यंत पुढे ओढतो आणि मग मागच्या मोकळ्या मैदानात पळणाऱ्याला धरायला कुणी नसतं, कॉर्नरच्या वेळी दुसऱ्या खांबापाशी माणूस ठेवत नाही, हे सगळं तू लिहिलंस आणि सगळं बरोबर आहे. सामना संपल्यावर त्याला यथेच्छ शिव्या घाल. मैदानात जाणारे लोक फलक धरतात, मालकाविरुद्ध मोर्चे काढतात. तो त्यांचा हक्क आहे. मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन याचं नाव घेऊन मी तुला संयमाचे धडे देणार नाही. १९८९च्या डिसेंबरात त्याने चालतं व्हावं म्हणून ओल्ड ट्रॅफर्डवर, त्यांच्याच मैदानात, फलक झळकला होता आणि पुढे त्याने लीगची १३ विजेतेपदं मिळवली, हे खरंच आहे. पण ज्यांना हाकललं तेच बरं झालं, असे मॅनेजर त्याच्या कितीतरी पट निघतील. संयमाबद्दल मी बोलतच नाहीये. मी त्या नव्वद मिनिटांबद्दल बोलतोय.

‘हरला म्हणजे जाईल’ हा हिशेबही मला कधी कळलेला नाही. समजा, गेला. येणाऱ्या नव्या माणसाला खेळाडू तेच मिळतात. तोच डावा बॅक, तोच मांडीला पट्टी बांधून बाकावर बसलेला स्ट्रायकर. ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद असेल तर जानेवारी उजाडेपर्यंत कुणाला विकत आणता येत नाही. आणि गुणांचं टेबलही तेच मिळतं. तुम्ही ग्रुपवर बसून मागितलेला पराभव त्यात तसाच राहतो, गेलेले तीन गुण कुणी परत आणून देत नाही. ऑक्टोबरात ते स्वस्त वाटतात, एवढंच.

२००२-०३च्या हंगामात वेस्ट हॅम ४२ गुण मिळवूनही प्रीमियर लीगमधून, इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमधून, खाली गेला; तळाचे तीन संघ दरवर्षी उतरतात. चाळीस गुण झाले की वाचलो, असं तिथे सगळे धरून चालतात, आणि यांच्याकडे दोन जास्तच होते. त्यांच्या डोक्यावर सतराव्या जागी बोल्टन, ४४ गुणांवर. त्या हंगामात वेस्ट हॅमला घरच्या मैदानावर लीगमधला पहिला विजय मिळाला तोच जानेवारीच्या अखेरीला. त्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी, तुमच्यासारखेच वैतागून, तिथेही कुणी ‘हरू दे’ म्हटलं असेलच. हरलेल्या सामन्यांपैकी एक, कुठलाही एक, जिंकला असता तर ते वाचले असते.

आणि तुझा तो दुसरा मुद्दा, की ‘तीन काय आणि चार काय, हरलो ते हरलोच’. २००६-०७ला शेफील्ड युनायटेड आणि विगन, दोघांचे ३८ गुण. विगनचा गोलफरक उणे २२, शेफील्डचा उणे २३. शेफील्ड खाली गेला. वर्षभरात खाल्लेल्या गोलांपैकी असा एखादा असणारच, जो बसला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं, कारण सामना आधीच हातचा गेला होता. चौथ्या गोलावर चिडायला शिक. मी अजून चिडतो. सहाव्यावरही चिडलेलो आहे.

पण गुणांचा हिशेब हा माझा खरा मुद्दा नाही. हिशेब उलटा निघाला, एक सामना हरून खरोखर फायदा होत असला, तरीसुद्धा मी हेच म्हणेन.

१४ मे २०२४. टॉटनहॅमचं घरचं मैदान, समोर मँचेस्टर सिटी. सिटी हा सामना जिंकली नाही तर विजेतेपद आर्सेनलच्या टप्प्यात येणार, आणि आर्सेनल म्हणजे टॉटनहॅमचा सात पिढ्यांचा वैरी. टॉटनहॅमला स्वतःला चौथ्या जागेची आशा होती, म्हणजे चॅम्पियन्स लीगची, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब-स्पर्धेची. त्यासाठी जिंकायलाच हवं होतं. तरी घरच्याच प्रेक्षकांतल्या कितीतरी जणांना पराभव हवा होता. मी तो सामना बघितला. सिटी एका गोलाने पुढे, चार-पाच मिनिटं राहिलेली, आणि टॉटनहॅमचा सन ह्युंग-मिन एकटा चेंडू घेऊन सुटला. समोर फक्त गोलकीपर, तोही बदली आलेला ऑर्टेगा. तिकडे सिटीचा मॅनेजर ग्वार्डिओला बाजूच्या रेषेवर पाठीवर आडवा झालेला, त्याला बघवेना. सनने मारला, ऑर्टेगाने पाय घालून अडवला. थोड्या वेळाने पेनल्टीवर सिटीचा दुसरा गोल, सामना खलास.

सन धावत असताना त्या मैदानातला टॉटनहॅमचा माणूस काय मागत होता? हा तो क्लब, ज्याने १९६१नंतर लीग जिंकलेली नाही. त्यांचा सगळ्यात लाडका खेळाडू त्यांच्याच मैदानात गोलसमोर एकटा, आणि याला वाटतंय की चुकू दे! आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं म्हणतात ते हेच. आर्सेनलचं विजेतेपद दोन गुणांनी हुकलं, याची चौथी जागा त्याच रात्री अॅस्टन व्हिलाच्या खात्यात पक्की झाली. टॉटनहॅमचा मॅनेजर पोस्टेकोग्लू सामन्यानंतर म्हणाला की गेल्या ४८ तासांत आपल्याला कळलं, इथला पाया ठिसूळ आहे. त्यावर लोक त्याच्यावर तुटून पडले, फुटबॉलमधलं वैर याला कळत नाही म्हणाले. मला तो माणूस मॅनेजर म्हणून फारसा पटला नव्हता. त्या रात्री पटला.

इटलीतल्या लाझिओचं २०१०चं माहीत आहे का तुला? इंटरशी घरच्या मैदानावर सामना. लाझिओने इंटरला रोखलं तर फायदा रोमाला, त्याच शहरातल्या वैऱ्याला. प्रेक्षकांनी इंटरच्या गोलांना टाळ्या दिल्या, ‘अरेरे’ अशा अर्थाचा खोट्या दुःखाचा फलक फडकवला, आणि स्वतःच्या गोलकीपरने, मुस्लेराने, चेंडू अडवला की त्यालाच हुर्यो केली. इंटर २-० जिंकली आणि पुढे दोन गुणांनी विजेती ठरली. लोक हा किस्सा हसत हसत सांगतात. मला त्यातला मुस्लेरा दिसतो. तेवीस वर्षांचा पोरगा, चेंडूवर झेपावतोय, अडवतोय, आणि पाठीमागून त्याचेच लोक शिट्ट्या मारताहेत. लीगमध्ये प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी एकदा आणि बाहेर एकदा खेळायचं असतं, आणि सगळे जिंकायला खेळतात एवढ्या एकाच विश्वासावर तो सगळा डोलारा उभा असतो. तू सोडून दिलेल्या सामन्याचा फटका भलत्याच तिसऱ्याला बसतो.

आता उलटं उदाहरण. १४ मे १९९५, हंगामाचा शेवटचा दिवस, ॲनफिल्ड. लिव्हरपूलसमोर ब्लॅकबर्न. ब्लॅकबर्न जिंकली तर विजेती. हरली आणि मँचेस्टर युनायटेड तिकडे वेस्ट हॅमशी जिंकली, तर विजेतेपद युनायटेडला, म्हणजे लिव्हरपूलच्या जन्माच्या वैऱ्याला. वर ब्लॅकबर्नचा मॅनेजर कोण, तर केनी डॅल्ग्लिश, त्याच मैदानाचा लाडका. तो सामना लिव्हरपूलने हरावा याची इतकी कारणं होती की खेळाडूंनी पाय जरा आखडले असते तरी त्यांच्या गावात कुणी ब्र काढला नसता. शिअररने ब्लॅकबर्नला पुढे नेलं. लिव्हरपूलच्या बार्न्सने बरोबरी केली. आणि अगदी शेवटी त्यांच्याच जेमी रेडनॅपने पंचवीस-तीस यार्डांवरून फ्री किक मारून ब्लॅकबर्नला हरवलं. तिकडे युनायटेड १-१ अशी अडकली, ब्लॅकबर्न ८९ विरुद्ध ८८ अशी एका गुणाने विजेती झाली, आणि ॲनफिल्डवर सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. रेडनॅपला ती फ्री किक मारताना तिकडचा निकाल माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. समोर गोल होता, त्याने मारली. युनायटेड तिकडे जिंकली असती तरी मी रेडनॅपच्याच बाजूने असतो, हे लिहून ठेव.

इथे माझ्या घरचं एक सांगतो, म्हणजे तुला कळेल की हे मी नुसतं पत्रात लिहीत नाही.

माझा एक मित्र होता. आहे अजून, तब्येतीने ठणठणीत. आम्ही दोघं एकाच क्लबचे, आणि हंगामामागून हंगाम एकाच सोफ्यावर बसून बघितले. तो उजवीकडे, मी डावीकडे. मग एक भिकार वर्ष आलं आणि त्याने तुझ्यासारखंच ‘हरू दे’ सुरू केलं. आधी थट्टेत, मग तोंड वेंगाडून, मग थट्टा उरली नाही. एका सामन्यात आमच्यावर पेनल्टी दिली गेली. आमचा गोलकीपर महिनाभर लोकांच्या शिव्या खात होता, दोन ढोबळ चुका केल्या होत्या बिचाऱ्याने. तो त्या दिवशी बरोबर बाजूला झेपावला, मनगट वळवून चेंडू खांबाबाहेर ढकलला. मी उठून उभा राहिलो. माझ्या मित्राने सोफ्याच्या हातावर फटका मारला आणि म्हणाला, “कशाला अडवतोय हा मूर्ख!”

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्याला सांगितलं, सामना संपेपर्यंत बाहेर जाऊन बस. त्याला आधी गंमत वाटली. मी दार उघडून उभा राहिलो तेव्हा गेला. काही आठवड्यांनी मॅनेजर गेलाच, तेव्हा त्याचा एका शब्दाचा निरोप आला: ‘बघ.’ त्यानंतर आम्ही एकत्र सामना बघितलेला नाही. भेटतो, बोलतो, एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करतो. सामना मात्र नाही.

एका मॅचपायी मैत्री घालवलीस, असं मला फार जणांनी सुनावलं आहे. माझ्या बायकोने तर दर हंगामाच्या सुरुवातीला. मी प्रत्येकाला तेच सांगतो: मॅचपायी नाही, त्या गोलकीपरपायी. महिनाभर मार खाल्लेल्या माणसाने एक गोष्ट नीट केली आणि माझ्या शेजारचा माणूस त्याच्यावर चरफडला. त्याच्या शेजारी मला बसवेना. यात काय चुकलं माझं? आजही तेच करेन. अजूनही एखादा सुंदर पास पडला की बोलायला मान उजवीकडे वळते, हे मी नाकारत नाही. पण म्हणून ते दार उघडायला नको होतं, असं कुणी माझ्याकडून वदवून घेऊ शकणार नाही. असो. पत्र तुझं आहे, माझं नाही.

तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. ‘मला नक्की हवंय काय?’ मला वाटतं, तुला त्रास नको आहे. ‘हरू दे’ म्हणणं हा विमा असतो. जिंकलो तर जिंकलोच, हरलो तर मी म्हटलंच होतं. दोन्हीकडून सुटका. सलग पाच पराभवांनी माणूस इतका सोलवटून निघतो की सहावा अंगावर घ्यायच्या आधी तो असं काहीतरी शोधतोच, आणि त्यासाठी मी तुला बोल लावणार नाही. ग्रुपवर सगळ्यात मोठ्याने ‘हरू दे’ म्हणणारा बहुतेक तोच असतो ज्याला सगळ्यात जास्त लागलेलं असतं. माझा मित्रही तसाच होता, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणून चालवून घ्यायचं, असं थोडंच आहे?

पण तुझा विमा काही कामाला आला नाही, हेही बघ. तिसऱ्या गोलावर बरं वाटलं आणि शिट्टीनंतर रडू आलं. म्हणजे त्रास टळला नाहीच, वर शरम आली. साधं हरली असतीस तर साधं रडली असतीस आणि झोपली असतीस.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न: कपमधून बाद झालो तर निदान लीगकडे लक्ष देता येईल, मग तिथे हरलो तर चालेल ना? नाही चालणार. परत तेच विचारलंस, फक्त कपडे बदलून. पुन्हा टॉटनहॅमकडेच बघ, २०२४-२५. लीगमध्ये २२ पराभव, सतरावी जागा, खाली फक्त उतरणारे तीन. कुठल्याही शहाण्याने सांगितलं असतं की युरोपातून बाहेर पडा आणि आधी लीग सांभाळा. ते युरोपा लीग, चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपीय स्पर्धा, खेळत राहिले, २१ मेला बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं आणि २००८नंतरची पहिली ट्रॉफी उचलली. त्या विजयाच्या जोरावर सतराव्या क्रमांकाचा संघ चॅम्पियन्स लीगमध्ये गेला. त्या हिवाळ्यात ज्यांनी पोस्टेकोग्लू जावा म्हणून पराभव मागितले, तेही त्या रात्री नाचलेच असणार. आणि गंमत बघ: ट्रॉफी उचलल्यावर सोळा दिवसांनी क्लबने त्याला काढलं. घालवायचा झाला की जिंकलेला मॅनेजरही घालवतात. तुझ्या पराभवाची मालकांना गरज नसते.

तेव्हा तो अंगठा काढून टाक. ‘तत्त्वासाठी’ ग्रुप सोडूबिडू नकोस. तिथे भांडायला कुणीतरी हवं, आणि मला माहीत आहे, भांडण तुला छान जमतं. शनिवारी तळाच्या संघाशी सामना आहे तुमचा, म्हणजे ‘यांच्याशीही हरलो तर नक्की जाईल’ हे शुक्रवारपासूनच सुरू होईल. होऊ दे. तू सामना बघ आणि माझं एक काम कर. पहिल्या हाफमध्ये तुमचा डावा बॅक दोन माणसांसमोर एकटा किती वेळा सापडतो ते मोज. सगळे त्याला शिव्या घालताहेत, तूही घातल्या आहेस, पण मी परवाचा सामना पुन्हा बघितला आणि मला दोष त्याचा वाटत नाही. त्याच्या पुढचा विंगर मागे येतच नाही. आकडा कळव, मग बोलू.

तुझा,
काका